हात पाक होते, साफ नव्हते

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनाक्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

जुन्या नाशकातल्या एका गल्लीत असर ते मगरिब, म्हणजे दुपार उतरल्यापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळात एक मकतब भरतो. मुलं दिवसा आपापल्या शाळेत जातात आणि संध्याकाळी इथे कुराण, नमाज, दुआ शिकतात. पटावर एकतीस मुलं, वय सात ते चौदा. घरी कुणी मराठी बोलतं, कुणी दखनी, आणि भांडण जुंपलं की सगळीच नाशिकची मराठी.

2024 चा रमजान 12 मार्चला सुरू झाला. द्राक्षं अजून बाजारात होती, दुपारी पारा पस्तिशीच्या वर जायला लागला होता आणि रोजा पावणेसातच्या सुमारास सुटत होता. त्या वर्षी मकतबच्या कमिटीने ठरवलं, की दर रविवारी इफ्तारी मुलांनीच बनवायची. रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्याला त्या रोजेदाराइतकंच पुण्य मिळतं, अशी हदीस, म्हणजे पैगंबरांची उक्ती, आहे. मौलाना साहेबांना वाटलं, मुलांना हे नुसतं पाठ करायला लावण्यापेक्षा करायला लावावं. कल्पनेत काहीच वावगं नव्हतं. आजही नाही.

मी गृहविज्ञान शिकवते. खानावळी आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या चालवणाऱ्यांना अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण द्यायलाही अधूनमधून जाते. मकतबशी माझा संबंध एवढाच, की माझा भाचा तिथे जायचा.

काय घडलं

दुसरा रविवार, 24 मार्च, तेरावा रोजा. खजूर, कलिंगड, द्राक्षं, कांदाभजी, सरबत आणि मुलांच्या खास आग्रहावरून चिकन रोल, असा बेत होता.

मी नंतर सगळ्यांना विचारून वेळा लिहून काढल्या. चिकन बारा वाजता उकडून झालं. जोहरची (दुपारची) नमाज पढून मुलं दोनच्या सुमारास आली आणि पाच-सहा जणांनी ते हातांनी सोललं. त्यात मेयोनीज, कोबी, काळी मिरी घातली. पातेल्यावर झाकण ठेवलं. फ्रिज एकच आणि छोटा. तो सरबताच्या बाटल्यांनी आणि बर्फाने भरलेला, म्हणून पातेलं ओट्यावरच राहिलं. साडेचारला रोल भरायला घेतले, सहाला संपवले आणि पावणेसातला खाल्ले.

नऊच्या पुढे, तरावीह, म्हणजे रमजानमधली रात्रीची नमाज, चालू असताना, पहिल्या मुलाला उलटी झाली. साडेदहापर्यंत आठ जणांना झाली, त्यात एक मोठा माणूस. ताप कुणालाच नव्हता. उलट्या, पोटात मुरडा, दोघांना जुलाब. त्या रात्री होळी होती. चौकाचौकांत होळ्या पेटलेल्या, रिक्षा वळसे घेत घेत दवाखान्यात पोचली. एका नऊ वर्षांच्या मुलीला रात्रभर सलाइन लावावं लागलं. बाकीचे घरीच ओआरएसवर सावरले. त्यातही एका आईने एक लिटरची पूर्ण पुडी एका ग्लासात कालवली होती. इतकं खारट द्रावण मुलाला उलट त्रासदायक ठरतं. शेजारणीच्या वेळेवर लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी मुलं हिंडू-फिरू लागली होती.

डॉक्टरांचा अंदाज असा, की स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूने अन्नात विष तयार केलं असावं. खाल्ल्यापासून दोन-चार तासांत उलट्या आणि ताप नाही, हे त्या चित्रात बसतं. हा जंतू निरोगी माणसाच्या नाकात आणि कातडीवर राहतो. साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात तो असतोच. हाताने हाताळलेलं शिजलं अन्न उष्ण जागी काही तास राहिलं, की तो वाढतो आणि विष सोडतो. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. पण हा अंदाजच राहिला. उरलेले रोल घाबरून त्याच रात्री फेकून दिले होते, त्यामुळे तपासायला काही उरलंच नाही. मी केलेल्या विचारपूशीत आजारी पडलेल्या आठही जणांनी रोल खाल्लेला निघाला, आणि ज्यांनी रोल खाल्ला नव्हता त्यांच्यातलं कुणीही आजारी पडलेलं नव्हतं. हाती पुरावा तेवढाच.

नेमका प्रश्न कुठे होता

सोमवारी कमिटी बसली, तेव्हा भाच्याच्या निमित्ताने मलाही बोलावलं. एक-दोघे म्हणाले, नजर लागली. एका वडिलांचा प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला. ते म्हणाले, "चिकन ओळखीच्या दुकानातून, समोर जिबह करून (धर्माच्या रीतीने कापून) आणलेलं. हलाल होतं. मग हे झालं कसं?"

मी विचारलं, मुलांनी हात धुतले होते का. तीन आवाज एकदम आले, "धुतले होते म्हणजे? नुकतीच नमाज पढून आली होती. वुजू (नमाजेआधी पाण्याने हात-तोंड-पाय धुणं) होती सगळ्यांची."

मला तिथे माझी अम्मी आठवली. ती भांडं घासून झालं की तीन पाण्यातून काढायची, तेव्हाच ते तिच्या लेखी पाक व्हायचं. पण त्याच भांड्याला पुसायचं फडकं आठवडाभर तेच असायचं. आमच्या घरांत पाकीची शिस्त इतकी पक्की आहे, की तिच्या सावलीत सफाई झाकून जाते. पाक म्हणजे नजासत, म्हणजे धर्माने अपवित्र मानलेली घाण, लागलेली नसणं. तिचा रंग, वास गेला आणि पाणी फिरलं की ते पुरतं. जंतूला मात्र रंगही नाही, वासही नाही. वुजूत साबण नसतो, कारण वुजू त्यासाठी नाहीच. ती नमाजेची तयारी आहे. मुलांनी ती स्वयंपाकाची तयारी समजली, आणि मोठ्यांनी त्यांना कधी वेगळं सांगितलंच नाही.

वडिलांच्या प्रश्नाचं उत्तरही त्याच जातीचं. कुराणात सूरह बकरहच्या 168 व्या आयतीत जमिनीवरचं 'हलाल' आणि 'तय्यिब' खा, असं सांगितलं आहे. तय्यिब म्हणजे चांगलं, निर्मळ. हलालची काळजी आम्ही दुकानापर्यंत नीट घेतो. तय्यिबचा हिशेब दुकानातून निघाल्यावर सुरू होतो: स्कूटरच्या हुकाला लटकलेली काळी पिशवी, ओट्यावरचा सुरा, झाकणाखालचं कोमट पातेलं. त्यावर आमच्याकडे कुणाचीच नजर नसते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा होता: मुलांची इफ्तारी बंद, बाहेरून मागवायची. कमिटीतल्या निम्म्यांचा कल तिकडेच होता. माझा विरोध होता. बाहेरचं सुरक्षितच असतं हे कुणी सांगितलं? शिवाय ज्या मुलांनी उलट्या काढल्या, त्यांच्या हातून काम काढून घेणं म्हणजे दोष त्यांचाच आहे, असं न बोलता सांगणं होतं.

दुसरा, मी एक व्याख्यान द्यावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं मांडली: स्वच्छता राखा, कच्चं-शिजलं वेगळं ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. माझ्याकडे त्यांचा रंगीत तक्ता तयारच होता. तो मी गाडीवाल्यांना दाखवते, ते मान डोलावतात आणि तेच फडकं पुन्हा खांद्यावर टाकतात. त्यामुळे या पर्यायावर माझाच विश्वास नव्हता.

तिसरा मौलाना साहेबांनी सुचवला: जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, "पाकी निम्मा ईमान (श्रद्धा) आहे" ही हदीस समजावून सांगायची. मी जरा धीटपणे म्हटलं, "मौलाना साहेब, ही हदीस या मुलांना तोंडपाठ आहे. रविवारीही होती." ते गप्प झाले. मग म्हणाले, "मग आपा, तुम्ही हात शिकवा, मी हदीस शिकवतो. पण दोन्ही एकाच वर्गात."

चौथा पर्याय तो, आणि तोच घेतला. उरलेल्या रमजानसाठी मात्र बेत कापला: खजूर, अख्खी फळं, मोठ्यांनी समोर तळलेली भजी. हाताने कालवून ठेवायचं काहीही नाही. वर्ग ईदनंतर सहा रविवार.

वर्गात काय केलं

पहिल्या रविवारी हळद. मुलांच्या हातांना तेलात कालवलेली हळद चोळली आणि म्हटलं, वुजू करताना धुता तसेच हात धुवा. सगळ्यांनी मनगटापर्यंत तीन-तीनदा, बोटांत बोटं घालून, अगदी व्यवस्थित धुतले. हात पिवळेच. मग कपडे धुण्याच्या वडीने धुवायला लावले. साबण लागताच हळद लालभडक झाली आणि वर्गात एकच किंचाळी उठली. हळदीला साबणातला क्षार लागला की ती लाल होते, एवढंच ते. पण ज्या नखांच्या कडांना, ज्या अंगठ्याच्या बेचक्यात लाल उरलं, तिथे आपला हात पोचलाच नव्हता, हे कुणाला सांगावं लागलं नाही. (हा प्रयोग करणार असाल तर वडीच घ्या. बाटलीतल्या हँडवॉशने हळद अशी रंगत नाही. घरी तालमीत मी त्यात फसले होते.)

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा हसून म्हणाला, "म्हणजे वुजूने हात साफ होतच नाहीत!" मौलाना साहेबांचा चेहरा उतरला. मी ते हसण्यावारी नेलं असतं, तर पुढचा रविवार झालाच नसता. मी त्यांच्याकडेच बघितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "तू परीक्षेला जाताना अंघोळ करून जातोस. अंघोळीने पेपर सुटतो का? नाही ना? मग अंघोळ फुकट का?" मग क्रम ठरला: स्वयंपाकाआधी साबण, नमाजेआधी वुजू. एक केलं म्हणून दुसरं झालं असं मानायचं नाही. वुजूत बोटांमध्ये बोटं घालून खिलाल करतात, ती लकब साबणाने हात धुताना तशीच उपयोगी पडते, हे मी जोडलं. नखांचा मुद्दाही त्यांनीच काढला. नखं चाळीस दिवसांहून जास्त वाढू द्यायची नाहीत, अशी हदीस आहे. मुलींनी लगेच एकमेकींची नखं तपासायला घेतली.

दुसऱ्या रविवारी मौलाना साहेबांनी उमर बिन अबी सलमा यांची गोष्ट सांगितली. ते लहान असताना जेवताना त्यांचा हात ताटभर फिरायचा. पैगंबरांनी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) त्यांना सांगितलं, "बाळ, अल्लाहचं नाव घे, उजव्या हाताने खा आणि आपल्या समोरचं खा." मुलांना ही गोष्ट फार आवडली, कारण तिच्यात टोकलेला मुलगा त्यांच्याच वयाचा आहे आणि त्याला कुणी रागावलेलं नाही. एका थाळीतून मिळून जेवण्याची आमची रीत आहे. तिच्यात 'आपल्या समोरचं' हा नियम किती शहाणपणाचा आहे, ते माझ्याही पहिल्यांदा लक्षात आलं.

कच्चं आणि शिजलं वेगळं ठेवणं सोपं गेलं. चिरायची लाल पाटी मटण-चिकनची, हिरवी भाजी-फळांची. नऊच्या आतल्यांच्या हातात सुरी नाही, कढईजवळ कुणीच नाही. पहिल्या दिवशी मुलगे 'हे बायकांचं काम' म्हणून दारातच उभे होते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितलेलं आहे, की पैगंबर घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात असत. मौलाना साहेबांनी ते सांगितलं आणि स्वतः कांदे सोलायला बसले. दार रिकामं झालं.

चिकन धुण्याचा प्रश्न

हा मुद्दा मी ठरवून टाळणार होते. कच्चं चिकन नळाखाली धुतलं की शिंतोडे उडतात आणि त्यांच्यासोबत जंतू ओट्यावर, शेजारच्या काकडीवर जातात. म्हणून अनेक देशांतल्या अन्नसुरक्षेच्या सूचनांत न धुण्याचा सल्ला असतो. आमच्या घरांत हे सांगून बघा! रक्ताचा एक थेंब दिसला तरी चिकन पुन्हा धुतलं जातं. वर्गात एका मुलीनेच विचारलं, "आपा, तुम्ही म्हणता धुवू नका, अम्मी म्हणते धुतल्याशिवाय पाक नाही."

मौलाना साहेबांनी सांगितलं, की वाहतं रक्त नापाक, पण जिबह झाल्यावर मांसात उरलेलं रक्त नापाक नसतं. अम्म्यांच्या समाधानाला तेवढं पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही घरी धुतेच. शेवटी मधला मार्ग काढला: खोल भांड्यात पाणी घेऊन त्यात बुडवून हलकेच धुवायचं, नळाची धार सोडायची नाही, पाणी सिंकच्या तोंडाशी सावकाश ओतायचं, मग सिंक, नळाची तोटी आणि हात साबणाने धुवायचे. पुस्तकी उत्तर हे नव्हे. पण घरी जाऊन कुणी पाळणारच नाही अशा नियमापेक्षा पाळता येणारा अर्धा नियम बरा, असं मी त्या दिवशी ठरवलं. याबाबत माझ्या क्षेत्रातले काही जण माझ्याशी वाद घालतील. घालोत.

रिज्क फेकायचं नाही

सगळ्यात अवघड रविवार चौथा. त्याच्या आदल्या वर्गात आम्ही खिचडी मोजली होती. स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर आणला, एक खिचडी खोल पातेल्यात ठेवली, दुसरी परातीत पसरून पंख्याखाली. मुलं दर अर्ध्या तासाने आकडे फळ्यावर लिहीत होती. पातेल्याच्या मध्यभागी दोन तासांनीही 58 अंश. परातीत तासाभरात 40 च्या खाली. 5 ते 60 अंशांच्या मधला पट्टा जंतूंना मानवतो. शिजलेलं अन्न त्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आणि नाशिकच्या एप्रिलसारख्या उन्हाळ्यात तासच धरायचा. झाकलेलं पातेलं 'गरम आहे म्हणून सुरक्षित' वाटतं. दोन तासांनी ते त्या पट्ट्यात जेमतेम शिरलेलं असतं; पुढे ते तासन्‌तास त्या पट्ट्यातच रेंगाळत असतं, हे मुलांनी स्वतः लिहून काढलं.

परिणाम लगेच दिसला, आणि मला नको होता तसा. एका बारा वर्षांच्या मुलाने घरी सेहरीच्या (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाच्या) वेळची जुनी सवय काढून दादीला सुनावलं, "रात्रभर बाहेर ठेवलेली खिचडी तय्यिब नाही, मी खाणार नाही." दादी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती मकतबमध्ये आली. काठी टेकत जिना चढली आणि मला म्हणाली, "बेटी, आम्ही दुष्काळात मिलो ज्वारी खाऊन वाढलो. दाणा खाली पडला तर उचलून डोळ्याला लावायचो. आता हा पोरगा मला शिकवणार, की माझ्या हातचं खाण्यासारखं नाही?"

तिचं दुखणं खोटं नव्हतं. सूरह आराफच्या 31 व्या आयतीत खा, प्या, पण उधळपट्टी करू नका, असं आहे. पडलेला घास उचलून, त्याची घाण झटकून खावा, शैतानासाठी सोडू नये, अशी हदीस आहे. माझं थर्मामीटर म्हणतं फेका, तिचा ईमान म्हणतो रिज्क, म्हणजे अल्लाहने दिलेलं अन्न, फेकायचं नाही. दोघींपैकी एकीला खोटं पाडून हा वर्ग पुढे जाणार नव्हता.

आम्ही प्रश्न उलटा केला. फेकायची वेळ येते ती रात्री नऊला. उधळपट्टी झालेली असते ती सकाळी, माप घेताना. चौथा रविवार त्यामुळे पूर्णपणे मापाचा झाला. प्रत्येकाने घरी किती माणसं, किती वाट्या तांदूळ, किती उरतो ते आठवडाभर लिहून आणलं होतं. दादीलाच बोलावलं. माणशी मूठभर तांदळाचं माप तिच्या हातात होतं, आणि तिच्या मुठीने घातलेल्या खिचडीतलं काही उरलं नाही. उरलंच तर तासाच्या आत शेजारी द्यायचं, नाहीतर पसरून निववून फ्रिजमध्ये. शिळं आणि बिघडलं यातला फरकही तिनेच सांगितला: सकाळी ताकात कालवायचा भात आणि आंबलेला भात ती नुसत्या बोटाने ओळखायची. मला एक भर घालावी लागली, की भातातलं विष वासाला कळेलच असं नाही. ती म्हणाली, "मग तुझी सुई घाल."

त्या मुलाला मौलाना साहेबांनी एकट्याला बसवलं. पैगंबरांनी कधीही अन्नाला नावं ठेवली नाहीत; आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडलं. हे मी पहिल्याच वर्गात शिकवायला हवं होतं. स्वच्छता शिकवताना मुलांच्या हातात एक शस्त्र जातं आणि ते सगळ्यात आधी आईवर चालतं, याचा मी विचारच केला नव्हता.

माशी आणि बोट

पाचव्या वर्गात दोन गोष्टी घडल्या.

रात्री भांडी झाकावीत, झाकायला काही नसेल तर बिस्मिल्ला म्हणून आडवी काडी तरी ठेवावी, ही हदीस चालू होती. आमच्या घरांत नळाचं पाणी पिंपात साठवतात, म्हणून पिंपाच्या झाकणावर मी बोलत होते. दहा वर्षांचा एक मुलगा उठला, "पण मौलाना साहेब, हदीसमध्ये आहे की माशी पडली तर बुडवून काढा. मग झाकायचं कशाला?" मी गप्प बसले. हे उत्तर माझं नव्हतं. मौलाना साहेब म्हणाले, "ती हदीस माशी पडल्यानंतरची आहे. पडू द्या, असं तिच्यात कुठे आहे? झाकायचा हुकूम आधीचा. तू झाक, मग दुसरा प्रश्न येतच नाही." मुलाचं समाधान झालं की नाही कळलं नाही, पण त्याने खाली बसण्याआधी कोपऱ्यातल्या माठावर ताटली ठेवली.

दुसरी गोष्ट वर्ग सुटल्यावरची. 24 मार्चच्या रविवारी चिकन सोलणाऱ्यांमध्ये एका मुलीच्या बोटाला कापल्याची पट्टी होती, हे मला सोमवारीच कळलं होतं. पिकलेल्या जखमेत बहुधा हाच स्टॅफिलोकॉकस जंतू असतो. कमिटीत हे बोलायचं की नाही, यावर मी आणि मौलाना साहेबांनी त्याच दिवशी ठरवलं होतं: नाव घ्यायचं नाही. जखम असेल तर पट्टीवर हातमोजा घाला किंवा त्या दिवशी अन्नाला हात लावू नका, हा नियम सगळ्यांना सांगितला, कारण न सांगता. पण मुलं मूर्ख नसतात. ती आली आणि तिने विचारलं, "आपा, माझ्या बोटामुळे झालं का?"

मी तिला खरं ते सांगितलं. माहीत नाही, कारण काही तपासलंच नाही. तो जंतू कुणाच्याही नाकातून, हातातून येऊ शकतो. आणि तो कुठूनही आला असता, तरी पातेलं दोन वाजता फ्रिजमध्ये गेलं असतं तर बहुधा कुणी आजारी पडलं नसतं. सरबताच्या बाटल्या काढून पातेलं आत ठेवणं हे मोठ्यांचं काम होतं. ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मोठ्यांना कुणी सांगितलं का हे?"

सांगितलं नव्हतं. सहावा रविवार पालकांचा होताच. त्यात हे स्पष्ट शब्दांत सांगितलं, तिचं नाव न घेता.

निकाल

17 जूनला बकरी ईद होती. कुर्बानीच्या गोश्ताचे तीन वाटे होतात: घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. ते वाटे वाटून होईपर्यंत गोश्त तासन्‌तास परातीत पडलेलं असतं, आणि उरलेलं एकगठ्ठा फ्रीजरमध्ये कोंबलं जातं. मग मधला भाग दुसऱ्या दिवशीही गार झालेला नसतो. त्या वर्षी मुलांनी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चपट्या पिशव्या केल्या, त्यांवर तारीख लिहिली आणि गरिबांचा वाटा आधी पोचवला. सगळ्या घरांत असं झालं नाही. सात-आठ घरांत झालं, असं मुलांनी सांगितलं.

पुढच्या वर्षी, 2 मार्च 2025 ला रोजे सुरू झाले आणि रविवारची इफ्तारी पुन्हा मुलांच्या हाती आली. बेतात मेयोनीज नाही, आणि शिजल्यावर कालवून ठेवायचं काही नाही. द्राक्षं वाहत्या पाण्याखाली, घडाचे झुबके सोडवून धुतात. तपासायची वेळ आलीच तर म्हणून प्रत्येक पदार्थाची एक वाटी तीन दिवस फ्रिजमध्ये राखून ठेवतात. त्या रमजानमध्ये कुणी आजारी पडलं नाही. एका रमजानवरून काही सिद्ध होत नाही, हेही खरं.

साबणाचं मात्र रडगाणं आहे. वर्ग संपल्यावर महिनाभरात साबणाने हात धुणारी मुलं निम्म्यावर आली. कारण शोधलं तर अगदीच साधं निघालं: वुजूखान्यातली वडी विरघळून संपायची आणि नवी कुणी ठेवायचं नाही. एका मुलीने वडी नायलॉनच्या जाळीत घालून तोटीला बांधली. ती विरघळत नाही आणि हरवतही नाही.

पुन्हा करायचं झालं तर

अन्नाला नावं न ठेवण्याचा अदब पहिल्या दिवशी, हळदीच्या आधी. आया आणि दाद्या सहाव्या नव्हे, पहिल्याच रविवारी. माप त्यांच्याच मुठीत असतं.

मौलाना साहेबांसोबत मी हळदीचा प्रयोग आधी घरी करून बघायला हवा होता. त्यांना तो मुलांसोबतच पहिल्यांदा दिसला आणि त्यांना अवघडावं लागलं. त्यांनी निभावून नेलं, हा त्यांचा मोठेपणा.

आणि त्या मुलीशी मी स्वतः आधी बोलायला हवं होतं. नाव न घेणं ठीक होतं. पण न बोलल्यामुळे ती दोन महिने तो प्रश्न एकटीच घेऊन हिंडली.

फ्रिजचं काम अजून अर्धवट आहे. कमिटीने मोठा, जुना फ्रिज मिळवला, पण त्याच्या दाराचं रबर गेलेलं आहे. मुलांनी दाराला दोरी बांधली. मी सुई घातली तर आत 11 अंश. असायला हवं 5 च्या आत. तोवर त्यात फक्त सरबताच्या बाटल्या ठेवायच्या, असं मुलांनी दारावर कागद चिकटवून लिहिलं आहे. रबर बदलायला माणूस येत्या शनिवारी येणार आहे.